पटकथेची फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना

पटकथेच्या पानावर डोळ्यांना समास, मधोमध आलेली नावं आणि आत सरकलेले संवाद दिसतात. सॉफ्टवेअरला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक परिच्छेदावर एक चिठ्ठी असते: हे दृश्यशीर्षक, हे वर्णन, हे पात्राचं नाव, हा संवाद, ही कंसातली सूचना, हे संक्रमण ('कट टू'सारखी, एका दृश्यातून दुसऱ्यात जाण्याची सूचना). या चिठ्ठीला बहुतेक सॉफ्टवेअरांत एलिमेंट म्हणतात. समास आणि अक्षरं कुठे बसायची ते या चिठ्ठीवरून ठरतं. फाइल हलवायची म्हणजे मजकुरासोबत या चिठ्ठ्या हलवायच्या. मजकूर सहसा कुठेच हरवत नाही, चिठ्ठ्या हरवतात. बिघाड नीट करताना 'दिसतंय कसं' हे न बघता 'चिठ्ठी कोणती आहे' हे बघायची सवय लागली, की निम्मं काम सोपं होतं.

आधी हातात काय आहे ते ओळखा

फाइलच्या नावाचं शेपूट बघा. एफडीएक्स असेल तर ती फायनल ड्राफ्ट या पटकथा लिहायच्या सॉफ्टवेअरची, 2009 मधल्या आठव्या आवृत्तीपासूनची फाइल. ही एक्सएमएल असते, म्हणजे साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही उघडून वाचता येते. एफडीआर असेल तर ती त्याआधीची, बंद प्रकारची फाइल. ती फायनल ड्राफ्टच्याच नंतरच्या आवृत्तीत उघडून एफडीएक्स म्हणून सेव्ह करून घेणं हा सरळ मार्ग. ते सॉफ्टवेअर जवळ नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून तेवढं करून घ्या.

फाउंटन ही साधी मजकुराची फाइल. पटकथाकार जॉन ऑगस्ट आणि चित्रपटकार स्टू माश्विट्झ यांनी 2012 मध्ये तिचे नियम पुढे आणले. कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही एडिटरमध्ये ती उघडते. हायलँड या सॉफ्टवेअरची फाइल आतून जवळपास हीच असते, फक्त गुंडाळलेली.

सेल्टेक्सची जुनी डेस्कटॉप फाइल आणि फेड इनची फाइल या दोन्ही प्रत्यक्षात झिप पाकिटं आहेत, म्हणजे आत अनेक फाइली गुंडाळून ठेवलेल्या एकेक फाइली. ज्या सॉफ्टवेअरने लिहिली ते आता उपलब्ध नसेल तर फाइलची प्रत काढा, प्रतीचं शेपूट बदलून झिप करा आणि उघडा. सेल्टेक्सच्या पाकिटात पटकथा एचटीएमएल फाइलमध्ये सापडते आणि प्रत्येक परिच्छेदावर तो कशाचा आहे हे लिहिलेलं असतं. फेड इनच्या पाकिटात डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल असते. पटकथा अडकली आहे असं वाटतं तेव्हा ती बहुधा अशी सहज काढता येते. ॲडोबी स्टोरी जानेवारी 2019 मध्ये बंद झालं. त्याच्या एएसटीएक्स फाइली कुणाकडे पडून असतील तर ट्रेलबीसारखी काही मोफत सॉफ्टवेअरं त्या अजून वाचतात.

पीडीएफ हातात असेल तर ते शेवटचं हत्यार. त्याबद्दल पुढे.

मूळ फाइल साफ करा, मगच हलवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर नव्या सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. मूळ फाइलची प्रत काढा, नावात तारीख घाला, मूळ फाइलला हात लावू नका. मग प्रतीत या गोष्टी शोधा.

स्पेसबार दाबून मधोमध आणलेल्या ओळी. दिसायला ते पात्राचं नाव असतं, चिठ्ठी मात्र वर्णनाची. दुसरीकडे गेल्यावर ते वर्णनातच मिसळणार. कर्सर त्या ओळीवर ठेवा, एलिमेंटच्या खिडकीत काय लिहून येतंय ते वाचा आणि बदला. फायनल ड्राफ्टमध्ये 'जनरल' नावाचं एलिमेंट असतं. कशातच न बसणाऱ्या ओळी तिथे जाऊन पडतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरला जनरलचं काय करायचं ते कळेलच असं नाही, तेव्हा तिथे काही उरू देऊ नका.

संवादाच्या मध्ये एंटर मारून केलेल्या रिकाम्या ओळी काढा. रिकामी ओळ आली की कित्येक प्रोग्रॅम संवाद संपला असं धरतात आणि पुढचा भाग वर्णन होतो.

एकाच पात्राची वेगवेगळी नावं एक करा. 'शिपाई', 'शिपाई 1' आणि 'शिपाई ' यांत शेवटच्या नावापुढे एक स्पेस आहे. डोळ्याला ती दिसत नाही, पण काही सॉफ्टवेअर तिच्यामुळे तिसरं पात्र मोजतात.

'पुढे चालू' आणि 'आणखी' अशा पानाच्या टोकाला येणाऱ्या सूचना हाताने लिहिलेल्या असतील तर खोडा. त्या सॉफ्टवेअरने स्वतः घालायच्या असतात. हाताने लिहिलेल्या सूचना नव्या फाइलमध्ये पानाच्या मधोमध येऊन बसतात.

पूल कोणता निवडायचा

पूल म्हणजे एका सॉफ्टवेअरने लिहायची आणि दुसऱ्याने वाचायची मधली फाइल. दोन्ही सॉफ्टवेअर एफडीएक्स लिहीत-वाचत असतील तर एफडीएक्स घ्या. फेड इन, रायटरड्युएट, बीट, ट्रेलबी अशी बहुतेक सगळीच ते करतात. चिठ्ठ्या यात थेट लिहिलेल्या असतात, ओळखाव्या लागत नाहीत. दृश्यक्रमांक, शीर्षकपान, ठळक-तिरपी अक्षरं, बाजूला लिहिलेल्या टिपा यांनाही त्यात जागा आहे. जागा आहे म्हणून समोरचं सॉफ्टवेअर ती वाचेलच असं मात्र धरू नका.

वर्षानुवर्षं जपायची प्रत, दोन आवृत्त्यांतला फरक शोधणं किंवा फोनवर लिहिणं यासाठी फाउंटन बरं. त्यात चिठ्ठ्या लिहिलेल्या नसतात. रिकाम्या ओळी, मोठी अक्षरं आणि काही चिन्हं यांवरून त्या ओळखल्या जातात. त्यामुळे एफडीएक्सपेक्षा इथे गोंधळाला जास्त वाव आहे.

आरटीएफ आणि वर्ड हे पूल म्हणून टाळाच. त्यांत दिसणं पलीकडे पोहोचतं, चिठ्ठी पोहोचेलच असं नाही.

कसोटी फाइल

शंभर पानं हलवण्याआधी चार-पाच पानांची एक फाइल तयार करा. तिच्यात सगळं एकेकदा येऊ द्या: शीर्षकपान, क्रमांक दिलेलं दृश्य, कंसातली सूचना संवादाच्या मधोमध, दोन पात्रं एकाच वेळी बोलत असलेला दुहेरी संवाद, संक्रमण, एक तिरपा शब्द, एक टीप, मधोमध लिहिलेली ओळ आणि पान ओलांडणारा लांब संवाद. ही फाइल जुन्यातून नव्यात न्या, नव्यातून परत जुन्यात आणा. जे हरवलं त्याची यादी करा. तुमच्या दोन सॉफ्टवेअरांमध्ये काय टिकतं आणि काय गळतं ते अर्ध्या तासात कळतं, आणि ती यादी पुढच्या प्रत्येक फाइलला उपयोगी पडते.

सगळ्यात आधी गळतो तो दुहेरी संवाद. एफडीएक्समध्ये दुहेरी संवादाचे परिच्छेद दुसऱ्या एका परिच्छेदाच्या पोटात ठेवलेले असतात. फक्त वरच्या थरातले परिच्छेद वाचणारा प्रोग्रॅम आतले ओलांडून जातो आणि दोघांचं बोलणं अख्खंच्या अख्खं नाहीसं होतं. कुठली खूणही मागे उरत नाही. म्हणून हलवण्याआधी दुहेरी संवाद कुठल्या दृश्यांत आहेत ते कागदावर लिहून ठेवा.

फाउंटनमध्ये, आणि देवनागरीत

फाउंटनचे नियम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. रोमन अक्षरांतल्या इंट., एक्स्ट. (INT., EXT., म्हणजे आत, बाहेर) अशा सुरुवातीवरून दृश्यशीर्षक ओळखलं जातं. वर रिकामी ओळ, खाली लगेच मजकूर आणि सगळी अक्षरं मोठी, म्हणजे पात्राचं नाव. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीतच, आणि इथे दोन परस्परविरुद्ध चुका होतात. काही प्रोग्रॅम रोमन मोठी अक्षरंच शोधतात, म्हणून त्यांना देवनागरीतलं एकही पात्र सापडत नाही. काही प्रोग्रॅम ओळीचं मोठ्या अक्षरांत रूपांतर करून ती मूळ ओळीशी ताडून बघतात. देवनागरीत दोन्ही सारख्याच निघतात, आणि मग वर्णनाच्या दोन ओळी एकाखाली एक आल्या की पहिली ओळ पात्र ठरते. एकच फाइल एका ठिकाणी पात्रांविना आणि दुसऱ्या ठिकाणी पन्नास नव्या पात्रांसह उघडते ती यामुळे.

उपाय एकच: काहीही ओळखायला सोडू नका, चिन्हाने सांगा. दृश्यशीर्षकाआधी टिंब, पात्राआधी @, वर्णनाआधी !, संक्रमणाआधी >.

.आत. वाचनालय - दुपार #12#

!सुमती कपाटामागून डोकावते.
!पंखा बंद पडलेला.

@सुमती
(हळू आवाजात)
कोण आहे तिकडे?

@ग्रंथपाल
वेळ संपली.

@सुमती ^
एकच मिनिट!

> कट टू:

दोन # च्या मधला आकडा हा दृश्यक्रमांक. ^ हे चिन्ह दुहेरी संवादातल्या दुसऱ्या पात्राच्या नावापुढे येतं. टिपा [[ आणि ]] यांच्या मध्ये, आणि छपाईतून गाळायचा मजकूर /* आणि */ यांच्या मध्ये. शीर्षकाची सुरुवात रोमन अक्षरांत ठेवून पुढचं ठिकाण आणि वेळ देवनागरीत लिहिली तर आणखी सुरक्षित. पुढे दृश्यांचे तक्ते काढणारे प्रोग्रॅम आतलं-बाहेरचं त्या सुरुवातीवरूनच वेगळं करतात.

आणखी दोन बारीक गोष्टी. संवादाच्या मध्ये मुद्दाम रिकामी ओळ हवी असेल तर त्या ओळीवर दोन स्पेस द्याव्या लागतात. पण ओळीच्या शेवटच्या स्पेस आपोआप पुसणारे एडिटर त्या काढून टाकतात आणि संवाद तुटतो. एडिटरमधली ती सोय बंद करा. आणि मजकुरात तारा किंवा अधोरेघ खरोखर हवी असेल तर तिच्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर पुढची अक्षरं तिरपी किंवा अधोरेखित होतील.

फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-8 निवडा. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये ते आपोआप होत नसे. तिथे एएनएसआय ही जुनी पद्धत राहिली तर सगळ्या देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि एकदा सेव्ह झाली की ती परत वळत नाहीत.

ट्रेलबीच्या 2.2 आवृत्तीला देवनागरी झेपत नाही. फायनल ड्राफ्टमध्ये युनिकोडची (सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच संकेतपद्धतीची) सोय अकराव्या आवृत्तीपासून आहे, त्याआधीच्या आवृत्तीत मराठी एफडीएक्स उघडून सेव्ह करू नका. मजकूर श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर तो संगणकाच्या दृष्टीने देवनागरी नव्हेच. आत रोमन संकेत आहेत आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा देतो. पटकथेच्या सॉफ्टवेअरने फॉन्ट बदलताच मुखवटा पडतो. म्हणून आधी युनिकोडमध्ये रूपांतर, शुद्धलेखनाची एक वाचनफेरी, आणि मगच पुढचं.

एक फसवी गोष्ट: 'शेजाऱ्याची बायको' या नावातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत अदृश्य जोडअक्षर असतं, दुसऱ्यात नसतं. दिसायला दोन्ही सारखे, पण पात्रांच्या यादीत दोन बायका येतात. शोधा-बदला वापरून सगळीकडे एकच तऱ्हा करून घ्या.

वर्डमध्ये लिहिलेली पटकथा

ही वेळ बऱ्याचदा येते, आणि ओळ-ओळ हाताने दुरुस्त करायची गरज नसते. पात्रांची नावं मध्यभागी आणायच्या बटणाने मधोमध केलेली असतील तर साधा मजकूर म्हणून सेव्ह करण्याआधी वर्डमध्येच शोधा-बदलाची खिडकी उघडा. शोधायच्या चौकटीत काही लिहू नका, फक्त परिच्छेदाच्या मांडणीत मधोमध निवडा. बदलायच्या चौकटीत @^& लिहा. ^& म्हणजे सापडलेला मजकूर जसाच्या तसा. सगळे बदला म्हटलं की प्रत्येक नावाआधी @ येतं. शीर्षकपानावरच्या ओळींनाही ते लागेल, तेवढं खोडा. नावं टॅब मारून सरकवलेली असतील तर त्या टॅबच्या जागी @ घाला. मग दृश्यशीर्षकं ठळक असतील तर त्याच पद्धतीने ठळक अक्षरं शोधून .^& ने बदला. एकाच ओळीत नाव, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि लगेच संवाद अशी नाटकासारखी मांडणी असेल तर टिंबांच्या जागी नवी ओळ घालावी लागेल. इथे 'सगळे बदला' वापरू नका, एकेक बघून बदला, कारण वेळ लिहितानाही तीच टिंबं येतात.

शेवटी यूटीएफ-8 साध्या मजकुरात सेव्ह करा, शेपूट फाउंटन करा, आणि फाउंटन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून एफडीएक्स काढा. कमांड लाइनची सवय असेल तर पायथनमधलं स्क्रीनप्लेन हे मोफत हत्यार फाउंटनपासून एफडीएक्स, एचटीएमएल आणि पीडीएफ करून देतं. उलट दिशेने ते चालत नाही.

पीडीएफमधून काढायचं असेल

पीडीएफमध्ये चिठ्ठ्या नाहीत, परिच्छेदही नाहीत. कोणतं अक्षर पानावर कुठे ठेवायचं एवढंच तिथे लिहिलेलं असतं. हायलँड आणि रायटरड्युएट ओळीच्या डावीकडच्या अंतरावरून अंदाज बांधतात. नेहमीच्या मांडणीत वर्णन डाव्या कडेपासून दीड इंचावर, संवाद अडीच इंचांवर आणि नाव सुमारे पावणेचार इंचांवर सुरू होतं. पीडीएफ पटकथेच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली असेल तर हा अंदाज बराचसा जमतो. स्कॅन केलेली असेल तर पान तिरकं असतं, अंतरं हलतात आणि सगळं विस्कटतं.

जमलं तरी पुढची साफसफाई ठरलेली: पानक्रमांक आणि पानाच्या माथ्यावरचा मजकूर दर पानाला एकदा मधे घुसलेला असतो, पान ओलांडणाऱ्या संवादाचे दोन तुकडे झालेले असतात, दृश्यक्रमांक शीर्षकाच्या दोन्ही टोकांना चिकटलेले असतात. तुटलेले संवाद जोडायला विसरू नका, नाहीतर पात्राच्या संवादांची मोजणी फुगते.

मराठी पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर तर विशेष बिघडतो. ऱ्हस्व इकार भलत्याच अक्षरावर जातो, रफार सुटतो, जोडाक्षरं फुटतात, कारण पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार ज्या क्रमाने काढले तो क्रम असतो, टाइप केल्याचा नसतो. असं झालं तर तो मजकूर दुरुस्त करत बसण्यापेक्षा पानाची चित्रं करून टेसरॅक्टसारख्या, चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या ओसीआर प्रोग्रॅमने मराठी निवडून पुन्हा वाचून घेणं सहसा स्वस्तात पडतं. सगळ्यात स्वस्त म्हणजे पीडीएफ पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागणं.

हलवल्यावर तपासणी

पानं मोजून खात्री करू नका. पानसंख्या कागदावर अवलंबून असते. लेटर कागद 216 बाय 279 मिलिमीटर, ए4 कागद 210 बाय 297. ए4 उंचीला 18 मिलिमीटर जास्त, आणि इंचाला सहा ओळी धरल्या तर पानामागे चार ओळी जास्त बसतात. त्यामुळे लेटरवरची 110 पानं ए4 वर 102-103 भरतात. रुंदी 6 मिलिमीटर कमी असल्याने थोड्या ओळी उलट वाढतात. त्यात फॉन्ट बदलला तर आणखी फरक. देवनागरीत तर कुरिअरमध्ये अक्षरंच नाहीत, दुसरा एखादा फॉन्ट आपोआप येऊन बसतो आणि तो कोणता हे त्या यंत्रावर ठरतं.

म्हणून दृश्यं मोजा. जुन्या फाइलमध्ये 64 असतील तर नव्यात 64 हवीत. 63 आली तर एखादं शीर्षक वर्णनात बुडालं आहे, 65 आली तर टिंबाने सुरू होणारी भलती ओळ शीर्षक झाली आहे. मग पात्रांची यादी काढा. चुका तिथे सगळ्यात पटकन सापडतात. यादीत 'तेवढ्यात दार वाजतं' नावाचं पात्र दिसलं की कुठे जायचं ते कळतं. त्यानंतर दुहेरी संवादांची लिहून ठेवलेली दृश्यं, शीर्षकपान आणि अगदी शेवटचं दृश्य उघडून बघा. अर्धवट इम्पोर्ट झालेली फाइल शेवटीच उघडी पडते.

याहून पक्कं हवं असेल तर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही सॉफ्टवेअरमधून फाउंटन काढा आणि दोन फाइली विनमर्ज किंवा मेल्ड या मोफत तुलना करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शेजारी ठेवा. बदललेली प्रत्येक ओळ रंगीत दिसते. रिकाम्या ओळी आणि स्पेस यांचे फरक दुर्लक्षित करायची सोय चालू करा, नाहीतर सगळंच पान रंगेल.

एकाच प्रकारची चूक शेकडो ठिकाणी असेल तर एफडीएक्सची प्रत टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून दुरुस्त करता येते. प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला टाइप आणि त्यापुढे अवतरणचिन्हांत चिठ्ठीचं नाव असतं. ते शोधून बदला, पण कोनी कंसांना धक्का लावू नका. एक कंस जरी हलला तरी फाइल उघडत नाही.

कुलूप लागलेली पटकथा

चित्रीकरणासाठी पानं लॉक झाली असतील, म्हणजे कोणत्या क्रमांकाच्या पानावर काय हे कायम केलेलं असेल, रंगीत पानांच्या सुधारणा (दर फेरीचे बदल वेगळ्या रंगाच्या पानांवर) सुरू असतील, गाळलेल्या दृश्यांचे क्रमांक राखून ठेवलेले असतील, तर फाइल हलवू नका. फाउंटनमध्ये लॉक केलेली पानं आणि सुधारणांच्या फेऱ्या यांना जागाच नाही. एफडीएक्समधून गेलं तरी दुसरं सॉफ्टवेअर पानं स्वतःच्या हिशोबाने पुन्हा पाडतं, आणि 47 क्रमांकाच्या पानावर लोकांच्या हातातल्या छापील 47 पेक्षा वेगळा मजकूर येतो. अशा वेळी ज्या सॉफ्टवेअरमध्ये कुलूप लागलं तिथेच बदल करा. तुमच्याकडे ते नसेल तर बदललेली दृश्यं क्रमांकासह वेगळ्या फाइलमध्ये लिहून द्या आणि मूळ फाइल ज्याच्याकडे आहे त्याला ती भरायला सांगा.

हलवायचंच ठरलं तर कुलूप काढलेली प्रत घ्या, दृश्यक्रमांक तेवढे ठेवा, आणि जुनी फाइल, तिची पीडीएफ आणि फाउंटन प्रत असे तीन दस्तऐवज एकाच तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवून द्या. पीडीएफमुळे त्या दिवशी पानं कशी होती ते नंतर दाखवता येतं, आणि जुनं सॉफ्टवेअर यंत्रावर नसलं तरी मजकूर फाउंटनमधून उघडता येतो.